काट्यावरचे पाठभेद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते पेशाने मुद्रितशोधक होते. काळ खिळ्यांच्या छपाईचा. गॅलीचे ओले प्रूफ टेबलावर आले की ते ओळीखाली फूटपट्टी धरत आणि अवघड मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत. सरळ वाचताना माणूस अर्थाच्या मागे जातो आणि अक्षर निसटते, असा त्यांचा अनुभव. त्यांच्या लेखी चुका दोन जातींच्या होत्या. एक उघड दिसणारी: काना पडला, वेलांटी उलटली, वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. दुसरी वस्ताद. छापलेला शब्द कोशात असतो, वाक्य व्याकरणात बसते, फक्त अर्थ भलताच होतो.

आजचे व्याख्यान या दुसऱ्या जातीवर आहे. ग्रंथ मात्र छापखान्यातला नाही.

कोरोना विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा. आरएनएवर लिहिलेल्या विषाणूंमध्ये हा मोठाच ग्रंथ म्हणायचा. इन्फ्लुएन्झाचा मजकूर त्याच्या निम्माही भरत नाही. एवढा लांबलचक मजकूर बेफिकिरीने नकलत राहिले तर थोड्याच पिढ्यांत त्याचा चोथा व्हावा. म्हणून या कुळाने पदरी एक मुद्रितशोधक बाळगला आहे: चुकीचे अक्षर बसले की ते छाटून टाकणारे एक एन्झाइम. तरीही काही चुका त्याच्या नजरेतून सुटतात, आणि एका वंशावळीत महिन्याला सरासरी दोन बदल टिकून राहतात. बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक ज्याला पाठभेद म्हणतात, तेच हे. साथीच्या पहिल्या दोन वर्षांत त्यांतले मोजके पाठभेद जगाच्या तोंडी झाले, आणि जवळजवळ सगळे एकाच प्रकरणातले होते. ३० हजारांपैकी सुमारे ३,८०० अक्षरांच्या त्या प्रकरणात विषाणूच्या काट्याची, म्हणजे स्पाइक प्रथिनाची कृती लिहिलेली आहे.

अक्षर बदलल्याने काय होते हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही कथा शाळेतच कानावर पडते. आनंदीबाईंनी खरोखर अक्षर बदलल्याचा भक्कम पुरावा नाही, तो भाग निराळा. पण कथा म्हणून ऐकतानाही तिच्यातला एक तपशील हटकून गाळला जातो. वाड्यात शिरलेले गारदी थकलेल्या पगाराची ओरड करत आले होते, असे सांगतात. हत्यारबंद आणि चिडलेले गारदी दाराशी नसते, तर ‘मा’ कागदावरच राहिला असता. काट्यावरच्या बदलांची हकिकत ऐकताना हे गारदी विसरू नयेत. करोनाकाळात आपल्याकडच्या बातम्यांनी अक्षरे मोजली. ती कोणत्या वाक्यात बसली आणि बाहेर कोण उभे होते, हे पाहायचे राहून गेले.

आधी काटा जवळून पाहावा. संक्रांतीच्या हलव्याला काटा येतो तो डोळ्यांसमोर आणला तर फारशी चूक होणार नाही. फक्त विषाणूचा दाणा सुमारे १०० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेत दहा हजार दाणे बसतील. हलव्याची उपमा आणखी एका अर्थाने चपखल आहे. विषाणूच्या काट्यावरही साखर असते. प्रत्येक काटा तीन सारख्या धाग्यांचा, प्रत्येक धागा १,२७३ अमिनो आम्लांचा, आणि धाग्यावर २२ ठिकाणी शर्करेच्या साखळ्या लटकलेल्या. शरीराच्या प्रतिपिंडांना खालचे प्रथिन सहज दिसू नये, हा त्या पाकाचा उपयोग. काटे दाटीवाटीने खोचलेले नसतात, एका कणावर वीस-तीसच भरतात. १९६०च्या दशकात लंडनमध्ये जून आल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या कुळातले विषाणू पाहिले तेव्हा त्यांच्याभोवती प्रभावळ दिसली, आणि १९६८ मध्ये त्यावरून ‘कोरोना’ हे नाव रूढ झाले. ती प्रभावळ म्हणजे हेच काटे.

काट्याचा देठ ताठ नसतो. २०२० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अतिथंड अवस्थेत गोठवलेल्या विषाणूंची चित्रे तपासली तेव्हा देठाला तीन सांधे आढळले. त्यांनी त्यांना खुबा, गुडघा आणि घोटा अशी नावे दिली. या सांध्यांवर काटा डुलत असतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर चाचपडत असतो. शेंड्यावर तीन झडपा आहेत. झडप मिटलेली असते तेव्हा पकडीची जागा झाकलेली; झडप उभी राहिली की ती एसीई-२ या पेशीवरच्या प्रथिनाला धरू शकते. धरल्यावर काट्याला कात्री लागावी लागते. एक काप फ्युरिन नावाचे एन्झाइम बहुधा विषाणू तयार होतानाच घालून ठेवते, दुसरा काप नव्या पेशीच्या दाराशी बसतो. मग वरचा भाग गळून पडतो, आत दडलेला भाग भाल्यासारखा पेशीत रुततो, आणि विषाणूचे व पेशीचे आवरण एक होते.

कुलूप-किल्लीची उपमा या सगळ्याला अपुरी पडते. ही किल्ली मिटते, उघडते, कापली जाते आणि एकदाच वापरता येते. तिच्यातला एखादा बदल पकड घट्ट करील, दुसरा झडप सैल करील, तिसरा कात्रीला वाट देईल, चौथा प्रतिपिंडांना चकवील. या सगळ्यांचा हिशेब ‘संसर्गक्षमता’ या एका शब्दात कोंबला जातो, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते.

पहिला गाजलेला बदल ६१४व्या जागेवरचा. मूळ विषाणूत तिथे ॲस्पार्टिक आम्ल होते, त्याचे ग्लायसीन झाले. शास्त्रज्ञांच्या लघुलिपीत हा बदल ‘डी६१४जी’: आधी जुन्या आम्लाचे अक्षर, मग जागा, मग नव्याचे अक्षर. अमेरिकेतल्या लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेतल्या बेट कॉर्बर आणि त्यांचे सहकारी जगभरातून येणारे जनुकीय क्रम रोज चाळत होते. १ मार्च २०२०च्या आधीच्या नमुन्यांपैकी १० टक्क्यांत हा बदल होता, मार्च महिन्यातल्या ६७ टक्क्यांत, आणि एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंतच्या ७८ टक्क्यांत.

आकडे बोलके होते, पण काय बोलत होते यावर वाद झाला. समजा, योगायोगाने हाच प्रकार आधी इटलीत पोहोचला, तिथून युरोपभर आणि पुढे अमेरिकेत गेला, तर अंगात काही विशेष नसतानाही तो बहुसंख्य होईल. घाटातून पहिली सुटलेली एसटी पुढे गेली म्हणून तिचे इंजिन दमदार ठरत नाही. हा आक्षेप रास्त होता, आणि त्याचे उत्तर आकडेवारीत नव्हते. ते प्रयोगशाळेतून यायला हवे होते.

हा प्रयोग फार देखणा असतो. खऱ्या करोना विषाणूऐवजी दुसऱ्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूचे कवच घेतात आणि त्यावर करोनाचा काटा चढवतात. आत काजव्याच्या प्रकाशाचे जनुक ठेवतात. असा सोंग घेतलेला विषाणू पेशीत शिरला की पेशी उजळते. किती पेशींत शिरकाव झाला ते प्रकाश मोजून कळते. ग्लायसीनवाला काटा चढवलेल्या कणांनी कित्येक पट अधिक उजेड पाडला. त्यानंतर खऱ्या विषाणूचा, हॅमस्टरवरचा प्रयोग झाला. बाधित हॅमस्टरच्या शेजारच्या, पण वेगळ्या पिंजऱ्यात निरोगी हॅमस्टर ठेवले. मध्ये फक्त हवा. दोन दिवसांनी पाहिले तर नव्या प्रकाराच्या शेजारी असलेल्या आठांपैकी पाचांना लागण झाली होती, जुन्याच्या शेजाऱ्यांपैकी एकालाही नाही. आणखी दोन दिवसांनी मात्र दोन्हीकडचे शेजारी बाधित झालेले होते. म्हणजे जुना प्रकारही पसरत होताच; नव्याने दोन दिवसांची आघाडी मारली.

कारण शोधताना आणखी एक गंमत निघाली. ६१४वी जागा पकडीच्या ठिकाणी नाहीच. ती तिथून दूर, दोन धाग्यांच्या सांध्यावर आहे. जुने आम्ल शेजारच्या धाग्याचा हात धरून उभे होते. ग्लायसीन अमिनो आम्लांतले सर्वांत छोटे, त्याला धरायला हातच नाही. तो बंध सुटला आणि वरच्या झडपा अधिक वेळ उघड्या राहू लागल्या. काट्याचा वरचा भाग अवेळी गळून पडण्याचे प्रमाणही कमी झाल्याचे काही प्रयोगांत दिसले. एका काट्याची एसीई-२वरची पकड वाढली का, तर नाही. एका मोजणीत ती थोडी सैलच भरली. तरी संसर्गक्षमता वाढली. पकड म्हणजेच संसर्ग हे समीकरण २०२०मध्येच मोडले होते, फारसे कोणाच्या लक्षात आले नाही इतकेच. ब्रिटनमधल्या २५ हजारांहून अधिक जनुकीय क्रमांच्या अभ्यासात या प्रकाराच्या रुग्णांत विषाणूचे प्रमाण अधिक आढळले. मृत्यूंचा धोका वाढल्याचे मात्र दिसले नाही.

या अक्षराचा पुण्याशी थेट संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, विषाणूचा जो वाण वेगळा करून कोव्हॅक्सिनसाठी दिला गेला त्याच्या ६१४व्या जागी ग्लायसीन आहे. पुण्यातच तयार झालेल्या कोव्हिशील्डमध्ये काट्याची मूळची, चीनमध्ये सापडलेली संहिता आहे, ॲस्पार्टिक आम्लासकट. एकाच केंद्रावर, शेजारशेजारच्या रांगांत, एकाला जुना पाठ टोचला गेला आणि दुसऱ्याला नवा. लशींच्या परिणामात या एका अक्षराने जाणवण्याजोगा फरक पाडला नाही. हेही सांगायला हवे, कारण अक्षर बदलले की लस वाया गेली असा घोषा पुढे दोन वर्षे चालला.

डिसेंबर २०२०. ब्रिटनमधल्या मोठ्या तपासणी प्रयोगशाळांत पीसीआर यंत्रांच्या पडद्यांवर एक विचित्र दृश्य वारंवार दिसत होते. तिथल्या एका प्रचलित किटमध्ये विषाणूच्या तीन जागा एकाच वेळी शोधल्या जात. नमुना बाधित असेल तर तीन रेषा वर चढतात. आता कित्येक नमुन्यांत दोन रेषा नीट चढत आणि तिसरी जमिनीला चिकटून राही. ती तिसरी रेषा काट्याच्या जनुकाची. किट बिघडले नव्हते. ६९ आणि ७० या जागांची, जागेमागे तीन अशी, सहा अक्षरे विषाणूतून गळून गेली होती, आणि किटचा शोधक नेमका तिथेच बसायचा. कंपोझिटरच्या भाषेत, सहा खिळे पडले होते. संपूर्ण क्रम वाचण्याची वाट न पाहता, या न चढणाऱ्या रेषेवरून नवा प्रकार कोणत्या गावात किती पसरला आहे हे रोजच्या रोज कळू लागले. तपासणीतली त्रुटी पाळत ठेवण्याचे साधन बनली, असे भाग्य साथीच्या काळात क्वचितच लाभते.

तो प्रकार म्हणजे आल्फा. पहिले नमुने सप्टेंबर २०२०चे, केंट परगणा आणि लंडनमधले. त्याचा फैलाव आधीच्या प्रकारांपेक्षा ४३ ते ९० टक्क्यांनी अधिक असल्याचा अंदाज निघाला. त्याच्या काट्यावरचा सर्वाधिक चर्चेतला बदल ५०१व्या जागेवरचा: ॲस्पॅराजीनच्या जागी टायरोसीन. ही जागा थेट पकडीत आहे, आणि टायरोसीनच्या चपट्या कड्यामुळे एसीई-२ला अधिक घट्ट धरता येते. शास्त्रज्ञांना हा पाहुणा अगदीच अनोळखी नव्हता. चीनमधल्या एका प्रयोगशाळेत विषाणू उंदरांतून पुन्हा पुन्हा फिरवला तेव्हा हाच बदल आपोआप उगवला होता.

त्याआधी सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात टायलर स्टार, जेसी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी आणखी मोठा घाट घातला होता. ज्या यीस्टने पाव फुगतो, त्याच यीस्टच्या पेशींवर त्यांनी काट्याचा फक्त पकडीचा भाग उगवला. २०१ जागा, प्रत्येक जागी मूळ सोडून उरलेली १९ अमिनो आम्ले बसवून पाहायची. गणिताने ३,८१९ पाठ होतात, त्यांतले जवळजवळ सगळे त्यांनी बनवले. मग चमकता रंग लावलेले एसीई-२ सोडले आणि कोणता पाठ किती धरून ठेवतो ते लेसरच्या उजेडात मोजले. बहुतेक बदलांनी पकड बिघडवली किंवा होती तशीच ठेवली. थोड्यांनी वाढवली, आणि त्या थोड्यांत ५०१चे टायरोसीन होते. हा तक्ता सप्टेंबर २०२०मध्ये छापून आला. त्याच महिन्यात केंटमध्ये ते अक्षर माणसांच्या घशात फिरू लागले होते.

इथे कोणालाही वाटावे की भविष्य वाचण्याची पोथीच हाती लागली. तसे झाले नाही, आणि का झाले नाही याचा उत्तम धडा महाराष्ट्रात मिळाला.

फेब्रुवारी २०२१मध्ये विदर्भात रुग्णसंख्या अचानक चढू लागली. अमरावतीत टाळेबंदी लागली. पुण्या-मुंबईतल्या लोकांना तोवर साथ ओसरल्यासारखी वाटत होती. लग्नांचे हॉल पुन्हा भरत होते. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत डिसेंबरच्या तुलनेत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल असलेल्या विषाणूंचे प्रमाण वाढले असून ते १५ ते २० टक्के नमुन्यांत आढळले आहेत. दुसऱ्या दिवसापासून ‘डबल म्युटंट’ हा शब्द घरोघरी झाला. रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सर्वांच्या तोंडी तोच. शब्द आकर्षक होता आणि चुकीचा होता. त्या विषाणूच्या काट्यावर दोनच बदल नव्हते. ६१४चे ग्लायसीन होते, ६८१व्या जागीही बदल होता, शिवाय आणखी काही. दोनावर बोट ठेवले गेले, कारण परदेशांतल्या धोकादायक प्रकारांमुळे त्या दोन जागा आधीच ओळखीच्या झाल्या होत्या.

खरी खोच पुढे आहे. बी.१.६१७ या घराण्याच्या तीन शाखा निघाल्या. ‘डबल म्युटंट’चे दोन्ही बदल मिरवणारी पहिली शाखा, जिला पुढे कप्पा म्हटले गेले, ती मागे पडली. जगभर पसरली ती दुसरी शाखा. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला डेल्टा हे नाव दिले. आणि डेल्टामध्ये ई४८४क्यू नव्हताच. ज्या दोन अक्षरांच्या नावाने महाराष्ट्र हादरला, त्यांतले एक गाळूनच तो विषाणू जग जिंकायला निघाला.

डेल्टाकडे काय होते? ४५२ला आर्जिनीन, ४७८ला लायसीन, आणि ६८१ला प्रोलीनच्या जागी आर्जिनीन. एनआयव्हीच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेच्या नमुन्यांचा अभ्यास करून याच बदलांकडे, ई४८४क्यूसह, लक्ष वेधले होते. ६८१ ही जागा फ्युरिनच्या कात्रीला अगदी लागून आहे. फ्युरिनला धनभारित आर्जिनीन आवडते. मूळ विषाणूत तिथे तीन आर्जिनीन होते, डेल्टाने चौथे आणून ठेवले. काटे अधिक प्रमाणात आधीच कापलेले, म्हणजे वापरायला तयार, असे बाहेर पडू लागले. जपानमधल्या केई सातो यांच्या गटाने एवढा एकच बदल जुन्या विषाणूत घातला तेव्हा बाधित पेशी शेजाऱ्यांशी मिसळून मोठमोठ्या गोधड्या बनू लागल्या, आणि हॅमस्टर अधिक आजारी पडले. अमेरिकेत टेक्ससमध्ये उलटा प्रयोग झाला. डेल्टाच्या ६८१व्या जागी प्रोलीन परत बसवले, तर विषाणूची वाढ आल्फाच्याही खाली उतरली.

गुन्हेगार सापडला, असे म्हणून थांबायचा मोह होतो. पण साक्षीदार युगांडातून येतो. २०२०च्या अखेरीस तिथे ए.२३.१ नावाचा प्रकार प्रबळ झाला होता, आणि त्याच्या काट्यावर ६८१चे आर्जिनीन होते. तेच अक्षर, तीच जागा. त्याच्याकडे ६१४चे ग्लायसीन मात्र नव्हते. काही महिन्यांत तो प्रकार मागे पडला. कप्पाकडेही ६८१चे आर्जिनीन होते, तोही हरला. अक्षर तेच असून तिघांचे नशीब तीन तऱ्हांचे, कारण भोवतालचे वाक्य निराळे होते. काट्याबाहेरच्या प्रकरणांतले बदलही या वाक्यात येतात. आणि बाहेर गारदी होतेच: जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकांपासून उन्हाळ्यातल्या लग्नसराईपर्यंत जमलेली गर्दी, लस न मिळालेले कोट्यवधी लोक, आणि साथ संपली असा सर्वांचा समज. मे २०२१मध्ये देशात एका दिवसात ४ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांतला वाटा ६८१चा किती आणि आपला किती, हे काजव्याच्या प्रकाशात मोजता येत नाही.

दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील इथल्या प्रकारांनी वेगळाच व्यवहार केला होता. तिथे ४८४व्या जागेवरच्या लायसीनमुळे, आधी होऊन गेलेल्या संसर्गातून तयार झालेल्या अनेक प्रतिपिंडांना काटा ओळखू येईना. ४१७व्या जागेवरचा बदलही त्याच कामाचा. पण त्याने एसीई-२वरची पकड सैल होते. हा तोटा ५०१च्या टायरोसीनने भरून काढला. एका खिशातून गेले, दुसऱ्यात आले. विषाणूला जमाखर्च कळत नाही; तोट्यातले पाठ विरून जातात आणि जमलेले उरतात, म्हणून मागे वळून पाहताना तो हिशेबी वाटतो.

ओमायक्रॉनमध्ये हा व्यवहार शिगेला पोहोचला. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने जागतिक आरोग्य संघटनेला कळवले, दोन दिवसांत नाव ठरले. काट्यावर तीसहून अधिक बदल, त्यांतले १५ पकडीच्या भागात. सिॲटलच्या तक्त्यातून एकेकाचे गुण काढून बेरीज केली असती तर हा काटा पेशीला नीट धरूही शकणार नाही असे वाटले असते. ४९८व्या जागेवरचे आर्जिनीनच पाहा. एकटे असते तेव्हा ते काही फायदा देत नाही, उलट किंचित तोटाच. ५०१ला टायरोसीन असेल तर मात्र दोघे मिळून पकड कितीतरी पट वाढवतात. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी प्रयोगनळीत पकड वाढवत नेताना ही जोडी ओमायक्रॉनच्या आधीच पाहिली होती. या जोडीने जी शिल्लक पुरवली, तिच्या जोरावर बाकीच्या बदलांना प्रतिपिंड चुकवण्याची चैन परवडली.

कात्रीच्या बाबतीत ओमायक्रॉनने सर्वांना बुचकळ्यात टाकले. ६७९ आणि ६८१ या जागांवरच्या बदलांमुळे फ्युरिनला सोय वाढायला हवी होती. प्रत्यक्षात केंब्रिजच्या रवींद्र गुप्ता यांच्या गटाला त्याचे काटे डेल्टापेक्षा कमी कापलेले आढळले. पेशीच्या दाराशी असणारी टीएमपीआरएसएस-२ ही दुसरी कात्रीही त्याला विशेष लागत नव्हती. तो पेशीने गिळलेल्या पुडीतून, मागच्या दाराने आत शिरत होता. ती कात्री फुप्फुसाच्या खोल पेशींत भरपूर असते. हाँगकाँग विद्यापीठात शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतींवर प्रयोग झाला: श्वासनलिकांमध्ये ओमायक्रॉन २४ तासांत डेल्टाच्या सुमारे ७० पट वाढला आणि फुप्फुसाच्या ऊतीत दहा पटींहून कमी. मग त्याची संसर्गक्षमता अधिक म्हणायची की कमी? नाकाघशाला विचारले तर एक उत्तर, फुप्फुसाला विचारले तर दुसरे. ‘हा प्रकार सौम्य आहे’ असे सरसकट सांगणारे आणखी एक गोष्ट विसरले: तो आला तेव्हा लोक लस घेतलेले किंवा आधी बाधित झालेले होते. या वेळी वाड्यात पहारा होता.

काट्यावरची अक्षरे बदलणारा एकटा विषाणूच नव्हता. माणसांनीही ती बदलली, आणि जाणूनबुजून. २०२०च्या आधीच बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी मर्स या भाईबंदावर काम करताना ओळखले होते की देठाच्या वरच्या भागात दोन प्रोलीन शेजारशेजारी बसवले तर काटा उलगडत नाही, मिटलेल्या रूपातच राहतो. प्रोलीन हे ताठ आम्ल; साखळी तिथे वळू शकत नाही. नव्या विषाणूत त्या जागा ९८६ आणि ९८७. फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशींत हे दोन प्रोलीन आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होव्हॅक्समध्येही ते आहेत, आणि शिवाय तिच्यात फ्युरिनच्या कापाची अक्षरे बदलून टाकली आहेत, म्हणजे कात्री चालणारच नाही. ज्या जागेवर डेल्टाने एक आर्जिनीन वाढवले, तिथली आर्जिनीन लस बनवणाऱ्यांनी ग्लुटामाइन घालून बोथट केली. धडधाकट दिसणारा, पण पेशीत शिरू न शकणारा काटा शरीराला दाखवायचा. आनंदीबाईंवरचा आळ खरा असो वा खोटा, इथे मात्र ‘मा’चा ‘ध’ करून दाखवला गेला.

२०२३च्या ऑगस्टमध्ये बीए.२.८६ सापडला. आपल्या पूर्वजापेक्षा तीसहून अधिक बदल काट्यावर घेऊन तो आला, जाणकारांचे डोळे विस्फारले, आणि तो मात्र कूर्मगतीने पसरत राहिला. त्याची एसीई-२वरची पकड जोरकस होती. मग त्याच्या एका शाखेत ४५५व्या जागी ल्युसीनचे सेरीन झाले. एकच अक्षर. बीजिंगमधल्या युनलाँग काओ यांच्या गटाने मोजले तर या बदलाने पकड कमी झालेली निघाली. त्या बदल्यात प्रतिपिंड चुकवण्याची ताकद वाढली होती. आईने साठवलेली पुंजी लेकीने मोडली आणि तिचाच संसार वाढला. ती शाखा म्हणजे जेएन.१. डिसेंबर २०२३मध्ये केरळ, गोवा आणि महाराष्ट्रात तिचे रुग्ण आढळल्याच्या बातम्या आल्या, आणि २०२४च्या सुरुवातीला जगातले बहुतेक नमुने तिचेच होते. यीस्टच्या तक्त्यात पकड सैल करणारा म्हणून नापास झाला असता, असा हा बदल.

जेएन.१च्याही ६१४व्या जागी ग्लायसीनच आहे. २०२०च्या उन्हाळ्यात ज्या अक्षरावरून एवढा वाद झाला ते आता जगातल्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात असते, आणि प्रकारांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत त्याचा रकाना बहुतेक वेळा छापलाही जात नाही.